शंखाचा वारस

मी चोर नाही. हे वाक्य ठणकावून सांगण्याची पाळी सहसा चोरांवरच येते, याची मला कल्पना आहे. तरीही सांगतो. बावीस वर्षं मी बँकेत नोकरी करतो आहे. त्यांतली नऊ वर्षं कॅशच्या पिंजऱ्यात गेली. लोकांच्या नोटा या बोटांनी मोजल्या, पण त्यांतली एकही नोट या बोटांना चिकटली नाही. संध्याकाळी दहा रुपये कमी आले तर मी ते स्वतःच्या खिशातून घातले आणि दहा रुपये जास्त आले तर रात्री साडेआठपर्यंत बसून ते कुणाचे हे शोधलं. अशा माणसाला आपण प्रामाणिक आहोत की नाही, असा प्रश्न पडत नाही. भिंतीवरच्या घड्याळाला आपण बरोबर आहोत का, असा प्रश्न कधी पडतो का?

मला तो पडला. आणि पडला तोही कुठे, तर विषुववृत्ताच्या खाली चार अंशांवर, सेशेल्स नावाच्या देशातल्या एका बेटाजवळ नांगरलेल्या यॉटवर, रात्री दोन वाजता, अंगात बनियन आणि हातात टॉर्च असताना.

बँकेचा कारकून यॉटवर कसा पोचला, हे आधी सांगायला हवं. नाहीतर वाचक आमच्या शाखेची पुस्तकं तपासायला पाठवतील. त्याचं असं झालं, माझा मेव्हणा दुबईला असतो. चाळिसावा वाढदिवस साजरा करायला त्याने सेशेल्समध्ये कप्तानासकट एक यॉट आठवड्यासाठी भाड्याने घेतली होती. सोबत येणाऱ्या जोडप्याने ऐन वेळी टांग दिली आणि भरलेले पैसे परत मिळेनात. जे पैसे परत मिळत नाहीत ते वसूल करण्यासाठी माणसाला नातेवाईक आठवतात. रात्री अकराला फोन आला. “ताई, तू आणि भावोजी चला!” सौ.ने मला न विचारता होकार दिला. आमच्या प्रवास-सवलतीत परदेश बसत नाही, हा माझा एकमेव मुद्दा होता आणि तो कुणी ऐकला नाही. रजेच्या अर्जात मी ‘माहे’ असं लिहिलं. सेशेल्सच्या मुख्य बेटाचं नाव माहे आहे. साहेबांना ते केरळजवळचं वाटलं आणि “येताना केळ्याचे वेफर्स आणा” असं म्हणत त्यांनी सही केली. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. माझ्या प्रामाणिकपणाला पहिला तडा तिथेच गेला असावा, पण तेव्हा आवाज आला नाही.

यॉट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सिनेमातले श्रीमंत लोक येतात. पांढरा सदरा, काळा चष्मा, हातात पेला. मी गिरगावातल्या चाळीत वाढलो. यॉटवर पाऊल टाकल्यावर मला पहिल्या तासाभरात जे काही आठवलं ते सगळं चाळीतलं होतं. खोली अशी की एकाने सदरा घालायचा तर दुसऱ्याने बाहेर जायचं. पाण्याची टाकी एक आणि माणसं सहा. म्हणून कप्तानाने पहिल्याच दिवशी ताकीद दिली की अंघोळ म्हणजे अंग ओलं करायचं, नळ बंद करायचा, साबण लावायचा आणि मग थोडक्यात उरकायचं. संडासाला हाताने मारायचा पंप. त्यात काय टाकायचं नाही याची यादी मोठी होती. एकूण तात्पर्य असं, की आधी तोंडावाटे पोटात गेलेलं नाही असं काहीही त्यात टाकू नये. शेजारच्या खोलीतलं घोरणं आपल्याच उशीखालून येतंय असं वाटे. आमच्या आईने असल्या जागेत चाळीस वर्षं काढली आणि त्याबद्दल महिन्याला फक्त चौदा रुपये भाडं दिलं. मेव्हण्याने दिलेला आकडा मी इथे लिहीत नाही, कारण आई अजून आहे आणि ती हे वाचेल.

आमची यॉट दोन होड्या शेजारीशेजारी जोडाव्यात तशी होती. तिला कॅटामरान म्हणतात. हा शब्द मूळ तमिळ आहे, ‘कट्टुमरम’, म्हणजे बांधलेले ओंडके. हे मला कळलं आणि थोडं बरं वाटलं. एरवी आपण फार मोठ्या गोष्टीवर बसलो आहोत असं वाटून मला बोट लागत होती. ओंडक्यावर बसलोय म्हटल्यावर पोट जागेवर आलं.

माहेहून निघून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरच्या प्रालँ बेटाच्या बाजूला गेलो. त्याच्या शेजारीच क्यूरियूज नावाचं छोटं बेट आहे. १७६८ साली फ्रेंचांच्या मोहिमेतलं या नावाचं जहाज इकडे आलं होतं, त्यावरून हे नाव पडलं. त्याचा अर्थ ‘चौकस बाई’ असा होतो. सौ. म्हणाली, “छान नाव आहे.” मी काही बोललो नाही.

सकाळी छोट्या रबरी होडीतून आम्ही बेटावर उतरलो. विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, चपला हातात घेऊन मी परदेशच्या भूमीवर पाऊल ठेवलं तेव्हा स्वागताला एक कासव उभं होतं. कासव म्हणजे आपल्या देवळातल्या गाभाऱ्यापुढचं नव्हे. हे आमच्या शाखेतल्या तिजोरीएवढं होतं आणि तिजोरीइतक्याच वेगाने चालत होतं. या जातीच्या मोठ्या नराचं वजन अडीचशे किलोपर्यंत भरतं आणि वयाची शंभरी पार करणं म्हणजे त्यांच्यात काही कौतुकाची गोष्ट नाही. तिथल्या रखवालदाराने मला त्याची मान खाजवून बघायला सांगितलं. खाजवली. त्याबरोबर ते चारी पाय ताठ करून उभं राहिलं, मान उंच केली आणि डोळे मिटून घेतले. बावीस वर्षांत एवढं समाधानी गिऱ्हाईक मी पाहिलेलं नाही.

रखवालदार सांगत होता, पूर्वी या सगळ्या बेटांवर अशी कासवं हजारोंनी होती. जहाजं यायची, खलाशी उतरायचे आणि कासवं उचलून न्यायचे. अन्नपाण्यावाचून ती कित्येक महिने जिवंत राहतात, हाच त्यांचा गुन्हा. जहाजावर एकावर एक रचून ठेवायची आणि लागेल तसं एकेक कापायचं. एकोणिसाव्या शतकात या बेटांवरची मूळ कासवं संपली. दूरच्या अल्डाब्रा बेटावर तेवढी उरली. १९७८ ते १९८२ या काळात तिथून सुमारे अडीचशे कासवं क्यूरियूजवर आणून सोडली, तर त्यांतलीही बरीच चोरीला गेली. भाच्याने विचारलं, “काका, एवढी मोठी कासवं लोक नेतात आणि कुणी काही म्हणत नाही?”

“तेव्हा ती कुणाची नव्हती ना,” मी म्हणालो. हे वाक्य मी अगदी सहज म्हणालो. म्हणून ते नीट लक्षात राहिलं.

बेटावर एक पाटी होती. इथून शंख, शिंपले, प्रवाळ, बी, पान काहीही उचलून नेऊ नये, अशा अर्थाची. १९७९ पासून हे सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. मी पाटी पूर्ण वाचली, सौ.ला वाचून दाखवली आणि भाच्याला तिचा अर्थ समजावून सांगितला. हे सगळं पुढच्या प्रकरणात माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून आलं.

पुढे खारफुटीतून फळ्यांची पायवाट जाते आणि टेकडी ओलांडून पलीकडच्या किनाऱ्यावर उतरते. त्याआधी खाडीच्या तोंडाशी एक दगडी भिंत दिसते. समुद्री कासवं पकडून कोंडून ठेवण्यासाठी गेल्या शतकाच्या सुरुवातीला ती बांधली होती. २००४ च्या त्सुनामीने ती फोडली. समुद्राने आपली माणसं सोडवून न्यायला जरा उशीरच केला, पण भिंतीचा हिशेब मात्र पुरा केला.

वाटेत ते प्रसिद्ध झाड दिसलं. ताडासारखं, पण पानं अशी की एका पानाखाली आमच्या सोसायटीची वार्षिक सभा भरेल. त्याच्या नारळाला ‘कोको-द-मेर’ म्हणतात, म्हणजे समुद्राचा नारळ. आपल्याकडच्या काष्ठौषधीच्या दुकानात ‘दर्याई नारळ’ मागितला तर हाच मिळतो. वनस्पतींच्या दुनियेतलं हे सर्वांत मोठं बी. त्याच्या आकाराचं वर्णन मी टाळतो, कारण हा लेख घरातली सगळी माणसं वाचतील. दोन नारळ जुळे जन्मले असं समजा. प्रालँ आणि क्यूरियूज या दोनच बेटांवर ते झाड निसर्गतः उगवतं. पण ही बेटं कुणाला माहीत नव्हती तेव्हा वाहत आलेली त्याची रिकामी कवचं मालदीवच्या आणि आपल्या किनाऱ्यांना लागत. झाड तर कुणी पाहिलेलं नाही. मग लोकांनी ठरवलं की ते समुद्राच्या तळाशी असणार. मालदीवमध्ये किनाऱ्याला लागलेला असा नारळ राजाच्या मालकीचा समजत. सापडला की मुकाट्याने राजाला नेऊन द्यायचा. आणि गंमत म्हणजे याच नारळाच्या अर्ध्या कवचाची कटोरी घेऊन फकीर दारोदार फिरत. एकच नारळ, राजाच्या खजिन्यातही आणि फकिराच्या हातातही.

पुढचा भाग मी बी.कॉम. असल्यामुळे मला जास्त आवडला. १७६८ मध्ये फ्रेंचांना खरं झाड सापडलं, तसा लगेच एका कप्तानाने जहाज भरून नारळ हिंदुस्थानच्या बाजारात आणले. मागणी आणि पुरवठा यांचा धडा त्याने वाचला नसावा. भाव धाडकन कोसळला. आणि १७७१ साली हेच नारळ काढणं सोपं जावं म्हणून क्यूरियूजवरचं रान पेटवून दिलं गेलं. त्या आगीच्या खुणा बेटावर अजून दाखवतात. लाल माती उघडी पडलेली टेकडी बघताना मी कप्तानाला विचारलं, “त्या वेळी या बेटाचा मालक कोण होता?”

“कुणी नाही,” तो म्हणाला. “१७५६ मध्ये फ्रेंचांनी माहेवर एक कोरीव दगड ठेवला आणि म्हणाले, आजपासून ही बेटं आमच्या राजाची. हरकत घ्यायला इथे कुणी राहतच नव्हतं.”

आमच्या बँकेत खातं उघडायला दोन फोटो, पॅन आणि राहत्या पत्त्याचा दाखला लागतो. देश उघडायला एक दगड पुरला.

टेकडी उतरून सें जोझेच्या किनाऱ्यावर आलो. तिथे पांढऱ्या व्हरांड्याचं एक जुनं लाकडी घर आहे. ते डॉक्टरांचं घर. एकोणिसाव्या शतकात कुष्ठरोग्यांना आणून या बेटावर ठेवत. ती वसाहत १९६५ साली बंद झाली. आजूबाजूला त्यांच्या घरांची जोती उरली आहेत. भाच्याने विचारलं, “त्यांना इथेच का ठेवलं?” आता मात्र मला ‘ती माणसं कुणाची नव्हती’ असं म्हणवेना. त्यांना घरं होती, आया होत्या. पण नेमकं हेच ठरवून त्यांना इथे आणलं असणार. बिनमालकाच्या बेटावर बिनमालकाची माणसं. मी म्हणालो, “चल, डबा उघडू या.”

जेवलो. मंडळी पोहायला गेली. मी पोहत नाही. मी सावलीत बसलो. झाडाकडे नीट पाहिलं तर चक्क आपल्या कोकणातली उंडी. तिथे तिला ताकामाका म्हणतात. हिंदी महासागराच्या मधोमध आजोळचं झाड भेटल्यामुळे मी थोडा हळवा झालो. हळवेपणात माणसाचा तोल जातो. समोर वाळूत एक शंख पडला होता.

मुठीएवढा, भोवऱ्यासारखा, वरून हिरवट आणि कडेला टवका उडाला होता तिथे मोत्यासारखा चमकणारा. मी उचलला. तोंडाशी काळसर जांभळं काहीतरी घट्ट बसलेलं होतं. मला वाटलं, कचरा असेल, घरी गेल्यावर टूथब्रशने काढू. आमच्या दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये, ताजमहाल आणि भाचीच्या लग्नातली चांदीची वाटी यांच्यामध्ये, नेमकी एका शंखाची जागा रिकामी आहे. पाटीवर काय लिहिलंय ते मला पाठ होतं. पण मनात एकेक कारण उभं राहू लागलं. याचा मालक कोण, तर कुणी नाही. समुद्र असे लाख शंख टाकतो. एकाने काय होतं? आणि मी नाही नेला तर दुसरा कुणी नेईलच. चोख व्यवहाराला एक कारण पुरतं. मला चार सुचली तेव्हाच संशय यायला हवा होता. इकडेतिकडे पाहिलं. फक्त एक कासव बघत होतं. शंख रुमालात गुंडाळून मी विजारीच्या खिशात घातला.

नऊ वर्षं कॅशमध्ये होतो तेव्हा माझ्या डोक्यावर कॅमेरा होता, समोर रांग होती आणि संध्याकाळी हिशेब होता. इथे यांतलं काहीच नव्हतं. माझा प्रामाणिकपणा बावीस वर्षं टिकला आणि कॅमेरा काढल्यावर बावीस मिनिटं.

रात्री यॉटवर सगळे झोपले. मी विजार खुंटीला टांगली होती. दोनच्या सुमाराला खालून आवाज आला, खर्र... टक. खर्र... टक. पहिला विचार आला की बोट फुटली. दुसरा विचार आला की पोहायला शिकायचं राहिलं. टॉर्च लावून पाहिलं, तर खुंटी रिकामी आणि माझी विजार जमिनीवरून दाराकडे चालत निघालेली.

मराठीत ‘शंख करणे’ असा वाक्प्रचार आहे. त्या रात्री मी तो केला. दोन मिनिटांत सगळी यॉट आमच्या खोलीच्या दारात जमली. चाळीत असंच जमायचे. कप्तानाने शांतपणे विजार उचलली, झटकली आणि खिशातून माझा शंख बाहेर पडला. त्याला पाय होते.

“हा खेकडा आहे,” कप्तान म्हणाला. “याला स्वतःचं कवच नसतं. मागची बाजू अगदी मऊ. म्हणून तो मेलेल्या गोगलगाईचा शंख शोधतो आणि त्यात राहतो. दिवसा कुणी हात लावला तर नांगीने दार बंद करून घेतो. हे त्याचं घर आहे.”

सौ.ने माझ्याकडे पाहिलं. “बावीस वर्षं नोटांत हात घालून बसलात, आणि शेवटी चोरी केलीत ती खेकड्याची!”

“मला वाटलं, रिकामा आहे,” मी म्हणालो. बनियनवर उभं राहून स्वतःचा बचाव करणं कठीण असतं. “मालक नव्हता कुणी.”

तेव्हा आठ वर्षांचा तो भाचा डोळे चोळत म्हणाला, “पण काका, खेकड्याला पण तो रिकामाच सापडला ना? मग तो त्याचा कसा, आणि तुमचा का नाही?”

कप्तानाने खेकड्याला बादलीत ठेवलं, वर ओला फडका टाकला, “सकाळी सोडून येऊ” म्हणाला आणि झोपायला गेला. सगळेच गेले. बादली माझ्या उशाशी राहिली आणि प्रश्न डोक्यात.

पोराचं म्हणणं खोटं नव्हतं. शंख बांधला गोगलगाईने. ती मेली. खेकड्याने तो घेतला, कुणाला न विचारता. मीही घेतला, कुणाला न विचारता. मग फरक काय? तो आधी आला आणि मी नंतर, एवढाच? तसं असेल तर फ्रेंचांचा दगडही बरोबर, कासवं उचलणारे खलाशीही बरोबर, कारण तेही ‘कुणाचं नाही’ ते घ्यायलाच आधी आले होते. आणि मालदीवचा राजा तर सर्वांत चोख. ज्याला मालक नाही ते सगळं माझं, असं त्याने एकदाच ठरवून टाकलं होतं.

मग मला शाखेतलं माझं टेबल आठवलं. गेली तीन वर्षं माझ्याकडे दावा न केलेल्या ठेवींचं काम आहे. दहा वर्षं ज्या खात्याकडे कुणी फिरकलं नाही, त्यातली रक्कम २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा करावी लागते. लोकांना वाटतं, पैसे बुडाले. बुडत नाहीत. उद्या खातेदार आला, त्याचा वारस आला, कागद दाखवले, तर पैसे द्यावेच लागतात. ‘दावा केलेला नाही’ आणि ‘मालक नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमचं सगळं काम या एका वाक्यावर चालतं. एकदा एक म्हातारी आली. नवरा गिरणीत होता. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं त्याचं जुनं पासबुक, कडा वाळवीने खाल्लेल्या. रक्कम चारशेच्या घरात. खिडकीशी उभी राहून तिने हळूच विचारलं, “साहेब, हे अजून आमचंच आहे ना?” मी म्हणालो, “तुमचंच आहे, आजी.” व्याज धरून किती झाले हे मी सांगायच्या आधीच तिने डोळ्याला पदर लावला. पैशासाठी नसावा. आपलं काहीतरी कुणीतरी इतकी वर्षं जपून ठेवलं होतं, त्यासाठी असावा.

आणि त्या म्हातारीला ‘तुमचंच आहे’ म्हणणारा हा माणूस वाळूत पडलेल्या शंखाला ‘कुणाचा नाही’ म्हणत होता.

पण पोराच्या प्रश्नाचं उत्तर अजून मिळालं नव्हतं. ते सकाळी मिळालं, आणि दिलं कप्तानाने. होडीतून बेटाकडे जाताना तो म्हणाला, खेकडा वाढतो, पण शंख वाढत नाही. म्हणून त्याला दर काही काळाने मोठी जागा शोधावी लागते. किनाऱ्यावर एखादा मोठा रिकामा शंख सापडला की कधीकधी पाचसहा खेकडे त्याच्याजवळ जमतात आणि मोठ्यापासून लहानापर्यंत चक्क रांग लावतात. सर्वांत मोठा नव्या शंखात शिरतो, त्याने सोडलेल्यात दुसरा, दुसऱ्याने सोडलेल्यात तिसरा. शेवटी सर्वांत लहान शंख तेवढा रिकामा राहतो. तोही एखाद्या पिल्लाच्या उपयोगी पडतो. आणि चांगले शंख पुरेसे नसले की कितीतरी खेकडे नुसते वाट बघत, तोकड्या घरात अंग चोरून जगतात.

आमच्या चाळीत हेच होतं. दुसऱ्या मजल्यावरचे कोपऱ्यातल्या मोठ्या खोलीत गेले की त्यांच्या खोलीत तळमजल्यावरचे येत, आणि तळमजल्यावर नवं लग्न झालेलं जोडपं. एका खोलीला कुणी कुलूप लावून गावी गेला की खालपर्यंत सगळ्यांचे संसार अडत.

मला फरक कळला. खेकड्याने शंख घेतला तो अंग झाकायला, आणि जाताना तो पुढच्याला ठेवून जाणार. मी घेतला तो ताजमहालाशेजारी ठेवायला, आणि कायमचा. आम्हांला पहिल्या वर्षाला शिकवतात की प्रत्येक जमेला कुठेतरी एक नावे असतं. माझ्या शोकेसमध्ये एक शंख जमा झाला की या किनाऱ्यावर कुणाच्या तरी नावे एक घर पडणार. तो कोण, ते मला दिसत नाही. कदाचित तो अजून जन्मायचा असेल. पण जो अजून खिडकीशी आलेला नाही, तो वारस नाही असं थोडंच आहे?

उंडीखाली मी शंख ठेवला आणि मागे सरून उभा राहिलो. पाच मिनिटं काही झालं नाही. मग दोन मिश्या, मग पाय, मग तो. माझ्याकडे न बघता तो घर पाठीवर घेऊन वाळूतून निघून गेला. पोचही दिली नाही. कर्मचाऱ्याची चूक कर्मचाऱ्याने दुरुस्त केली, त्यात पोच कसली?

भाच्याने तेवढ्यात दुसरा एक शंख उचलून आणला. आधीच्यापेक्षा सुंदर. मी आत टॉर्च मारला, कानाशी धरला, फुंकर मारून पाहिली. खरोखर रिकामा. “काका, यात कुणीच नाही. हा घेऊ या?”

“नको,” मी म्हणालो. “ठेव तिथेच. रांग आहे.”

“कुठे आहे रांग?”

“दिसत नाही. पण आहे.”

त्याला पटलं की नाही, माहीत नाही. पण त्याने शंख खाली ठेवला, आणि ठेवताना तोंड वर करून ठेवला होता तो पुन्हा वाकून नीट पालथा केला. येणाऱ्याला दार सोपं जावं म्हणून असेल. मला हे सुचलं नसतं.

राजासारखं ‘सगळं माझं’ म्हणण्याची माझी ऐपत नाही आणि फकिरासारखं ‘काहीच माझं नाही’ म्हणण्याची हिंमत नाही. मला सोसायटीचा हप्ता आहे. मधल्या माणसाला एवढंच जमण्यासारखं आहे की जे माझं नाही ते, मालक दिसत नसला तरी, माझं नाही. तेही कॅमेरा नसताना जमलं तर. मला एकदा जमलं नाही. एकदा जमलं. खातं सध्या बरोबरीत आहे.

सोमवारी कामावर रुजू झालो. साहेबांना सेशेल्सची हकीकत खरी काय ते सांगून टाकली. त्यांनी फक्त वेफर्सचं काय झालं, एवढं विचारलं. जेवणाच्या सुट्टीत सगळे टेबलाभोवती जमले. “परदेशातून काय आणलंत?”

“काही नाही,” मी छाती काढून म्हणालो.

क्षणभर शांतता पसरली. मग आमचा शिपाई माझ्याजवळ सरकला आणि आवाज उतरवून, अत्यंत सहानुभूतीने म्हणाला, “साहेब, विमानतळावर धरलं का?”